वघईची लहान गाडी

नंदुरबार जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी केवळ दोन तालुक्यांच्या वाट्याला लोहमार्ग आलेला आहे. नंदुरबार आणि नवापूर हे ते दोन. तापीपलीकडचे शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके आजतागायत रुळांना पारखे राहिले आहेत, आणि यातील मौज अशी की, ज्या कंपनीने आपल्या नावातच तापीचे खोरे मिरविले, त्या ‘तापी व्हॅली रेल्वे’ने सुरतेपासून अंमळनेरापर्यंतच्या आपल्या सबंध मार्गात खुद्द तापी नदी एकदाही ओलांडली नाही. नदीच्या दक्षिण तीराने, सातपुड्याला दुरूनच नमस्कार करीत, हा रस्ता खानदेशात शिरतो आणि निघून जातो. मोठ्या पुलाचे भांडवल वाचले, भागीदारांचा ताळेबंद हलका झाला, आणि उत्तरेकडील मुलुखाचे दळणवळण बैलगाडीवर आणि पुढे एस. टी. वर सोपविले गेले. जुन्या गाड्यांचा ज्याला नाद आहे, अशा मनुष्याला नंदुरबाराच्या फलाटावर उभे राहून प्रथम हीच गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, की लोहमार्ग कोठून गेला यापेक्षा तो कोठून गेला नाही, यावरून त्या काळच्या कारभाराचा अंदाज पुष्कळदा अधिक अचूक बांधता येतो.

या प्रकरणात सांगावयाची आहे ती शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत, नंदुरबाराहून निघून नंदुरबारालाच परत येता येईल अशी, जुन्या गाडीची एक सहल. नंदुरबार जिल्ह्यात स्वतःची अशी पुरातन गाडी नाही. परंतु जिल्ह्याच्या नैर्ऋत्य हद्दीला लागून जो डांगचा अरण्यमय प्रदेश आहे, त्याच्या दारापर्यंत, म्हणजे वघईपर्यंत, बिलिमोऱ्याहून एक लहान गाडी जाते. अडीच फुटांच्या रुळांवरून धावणारी ही गाडी गायकवाड सरकारच्या अमदानीत सुरू झाली आणि अनेक वेळा मरणाच्या दारातून परत आली. दर्दी माणसे तिच्यासाठी मुंबईहून आणि पुण्याहून वाट वाकडी करून जातात. नंदुरबारकरांना तर ती शेजारच्या अंगणात असल्यासारखी आहे, आणि तरीही ती पाहिलेला नंदुरबारकर मला क्वचितच भेटला आहे.

सहलीचा पूर्वार्ध मोठ्या रुळांवरचा आहे. किलिक निक्सन आणि कंपनी या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थापनाखाली तापी व्हॅली कंपनी उभी राहिली, एकोणिसावे शतक सरता सरता तिचा मार्ग अंमळनेरापर्यंत पोहोचला, गाड्या चालविण्याचे काम बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बी. बी. सी. आय.) कंपनीकडे राहिले, आणि 1942 मध्ये सरकारने तो सर्व व्यवहार आपल्या ताब्यात घेतला. ज्या वर्षांत हे रूळ पडत होते, त्याच वर्षांत विक्रम संवत 1956 चा, म्हणजे छप्पनचा, भीषण दुष्काळ खानदेश-गुजरातेवर कोसळला होता, हे विसरून या मार्गावरून प्रवास करू नये. अलीकडे हा मार्ग दुहेरी झाला, त्यावर विजेच्या तारा आल्या, आणि जुन्या काळचे बरेचसे अवशेष त्या खटाटोपात नाहीसे झाले. तरीसुद्धा या प्रवासात दोन स्थळे अशी आहेत की, तेथे पुस्तक मिटून खिडकीशी बसावे.

पहिले नवापूर. राज्याची हद्द या स्थानकाच्या फलाटावरूनच जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत; घोषणा चार भाषांत. या चमत्काराची छायाचित्रे पुष्कळ काढली जातात, पण त्यामागची हकिकत सांगणारे थोडे. 1 मे 1960 रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगावाप्रमाणेच पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतली काही गावेही गुजरातेकडे वर्ग करण्यात आली. स्थानक बांधणाऱ्यांच्या वेळी येथे खानदेश जिल्ह्याची एकच जमीन होती. साठ वर्षांनंतर दफ्तरातल्या परिशिष्टाने तिच्यावरून रेघ ओढली. लोहमार्ग हे दगडविटांचे काम असल्यामुळे जागचे हलत नाही, आणि म्हणूनच राज्यकर्त्यांच्या फेरफारांची नोंद त्याच्यावर अशी अनाहूतपणे होऊन बसते.

दुसरे स्थळ सोनगड. नवापूर सोडल्यावर, उकाईच्या जलाशयाचा प्रदेश मागे टाकीत गाडी या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी येते. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच सोनगडावर आपले ठाणे मांडले, आणि बडोद्याचे राज्य होण्यापूर्वी गायकवाडीचे मूळ येथेच रुजले. किल्ला पाहावयास उतरणे या सहलीत परवडणारे नाही. परंतु पुढे ज्या लहान गाडीत बसावयाचे, तिचा जन्मदाता राजवंश येथून निघाला, एवढे मनाशी बांधून उधन्याकडे जावे. उधन्याला गाडी बदलून दक्षिणेस वळले की नवसारीमागून बिलिमोरे येते.

आता बिलिमोऱ्याच्या गाडीकडे वळण्यापूर्वी बडोदे संस्थानच्या लहान रुळांची कुळकथा थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण ती कथा हिंदुस्थानातील सर्वच अरुंद लोहमार्गांची आदिकथा आहे, आणि ती मराठी राजाच्या दरबारात घडलेली असूनही मराठीत ती फारशी सांगितली गेलेली नाही. 1862 मध्ये खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत मियागामपासून डभोईपर्यंत, सुमारे 33 किलोमीटर लांबीचा, अडीच फुटी रुळांचा रस्ता तयार झाला. मुंबई-ठाणे गाडी सुरू होऊन त्या वेळी पुरी दहा वर्षेही झाली नव्हती, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड लागून त्याचा भाव चढत चालला होता. या डभोईच्या रुळांवरून डबे ओढीत होते ते बैल. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणविण्यात आली. परंतु रूळ इतके हलके घातले होते, की इंजिनाचा भार त्यांना सोसेना, आणि बैलांची नेमणूक कायम राहिली. अखेर अधिक वजनाचे रूळ घालून 1873 पासून वाफेची इंजिने नियमाने धावू लागली. दहा वर्षेपर्यंत लोखंडी रस्त्यावर बैल चालले, हे ऐकून आज हसू येते. पण मला त्यात बडोदे दरबाराची व्यवहारदृष्टीच दिसते. रूळ आले असता इंजिनासाठी खोळंबून राहण्यापेक्षा, गोठ्यात उभी असलेली शक्ती जुंपावी आणि मालाची ने-आण सुरू ठेवावी, हा विचार कोणाही हिशेबी मनुष्याला पटण्यासारखा आहे.

अरुंद रुळांचा हट्ट का, असे कोणी विचारील. मोठा मार्ग म्हणजे 1676 मिलिमीटर, आणि लहान मार्ग म्हणजे 762. दोहोंमध्ये दुपटीहून अधिक अंतर. रुळांमधील अंतर कमी केले म्हणजे डबा लहान होतो, डबा लहान झाला म्हणजे त्याचे वजन घटते, वजन घटले म्हणजे रूळ, भराव, पूल आणि खडी या सर्वांचाच खर्च उतरतो; शिवाय अरुंद रुळांना तीव्र वळणे घेता येत असल्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालून जाता येते. ज्या मुलुखातून महसूल थोडा आणि माल हंगामी, अशा मुलुखासाठी ही सोय उत्तम होती. तिचा तोटा सांध्यावर उघडा पडतो: लहान गाडीचा माल मोठ्या गाडीत घालण्यासाठी प्रत्येक जंक्शनवर हमालांकरवी उतरवून पुन्हा चढवावा लागे. मोटार आणि ट्रक आल्यावर हा दुहेरी खर्च कोणालाच नको झाला, आणि लहान रुळांचा क्षय तेथूनच सुरू झाला.

खंडेरावांनी पाया घातला, तरी या रुळांचे जाळे विणले ते सयाजीराव महाराजांनी. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, 1881 मध्ये त्याने राज्यकारभार हाती घेतला, आणि ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, बँक या त्याच्या प्रसिद्ध कामांबरोबरच संस्थानच्या कोपऱ्याकोपऱ्यांत लहान गाडी नेण्याचा उद्योगही त्याने अखंड चालविला. बिलिमोरे-वघई हा फाटा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाला. बिलिमोरे हे समुद्राजवळचे ठिकाण, आणि वघई हे डांगच्या सागवानी जंगलाचे तोंड. तेव्हा या 63 किलोमीटरांचे प्रयोजन निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

डांगच्या सागाचा इतिहास याहून जुना आणि बराच कटू आहे. जेम्स औट्रम याने 1830 मध्ये खानदेशातून फौज नेऊन डांगच्या भिल्ल राजांना नमविले, आणि 1842 मध्ये इंग्रज सरकारने त्या राजांकडून जंगलतोडीचा मक्ता करारनाम्याने लिहून घेतला. जहाजबांधणीला लागणारा साग हे त्यातले मुख्य आकर्षण होते. मक्त्याची रक्कम राजांना दरसाल दरबार भरवून दिली जाई. तो दरबार आजही होळीच्या आधी आहव्याला भरतो. गाढवी, लिंगा, दहेर, पिंपरी आणि वासुर्णा या पाच घराण्यांच्या वारसांना तेथे सालाना मानधन दिले जाते, आणि चार-पाच दिवस सगळा डांग तेथे लोटतो. पुष्कळ काळपर्यंत डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टराकडे असे. पुढे तो सुरतेकडे गेला. तेथील लोकांच्या बोलीला अहिराणीचा कान असलेला नंदुरबारकर सहज ओळखतो. 1960 च्या वाटणीपूर्वी डांग कोणत्या राज्यात जावा यावर जो कडाक्याचा वाद झाला, त्याचे मूळही यातच होते. फाट्याच्या त्या टोकाला उतरणारा खानदेशी प्रवासी परमुलुखात उतरतो असे म्हणणे, म्हणूनच, मला पटत नाही.

बिलिमोऱ्याच्या मोठ्या स्थानकाला लागूनच लहान गाडीचा फलाट आहे. मुंबई-अहमदाबादच्या गाड्या पलीकडून धडधडत जात असतात, आणि अलीकडे ही ठेंगणी गाडी आपल्या वेळेची वाट पाहत उभी असते. पुढे झेडडीएम-5 वर्गाचे डिझेल इंजिन. मागे साधे डबे, आणि 2021 नंतर जोडलेला मोठ्या काचांचा वातानुकूलित डबा. गणदेवी, चिखली रोड, रानकुवा, धोळीकुवा, अनावल अशी नावे एकामागून एक येतात. येथवरचा प्रदेश सपाट, बागाईत, आंबा-चिकूचा आणि उसाचा. गाडी लोकांच्या परसांना जवळजवळ घासत जाते, आणि गावच्या रस्त्यावरून सायकलने जाणारा मुलगा तिच्याशी काही अंतर शर्यतही करू शकतो. 63 किलोमीटरांना सुमारे तीन तास लागतात. ज्याला हे असह्य वाटेल, त्याने या वाटेला जाऊ नये. उनाई-वांसदा रोड हे मधले महत्त्वाचे स्थानक. उनाई मातेच्या देवळापाशी उष्णोदकाची कुंडे आहेत, आणि यात्रेच्या दिवसांत आसपासच्या आदिवासी गावांतून तेथे मोठा मेळा जमतो. पुढे केवडी रोड, काळाअंब, डुंगरडा. येथे जमीन उठू लागते, वळणे आवळत जातात, बांबू आणि साग रुळांच्या दोन्ही अंगांना येऊन भिडतात, आणि अरुंद मार्ग कशासाठी पत्करला, याचे उत्तर डब्यातल्या डब्यात मिळते. दर्दी मनुष्याने या भागात दाराजवळची जागा धरावी आणि वळणावर इंजिनाची बाजू पाहावी. ती दिसते, कारण गाडी आखूड आणि वळण त्याहून आखूड.

वघईला वनखात्याचे वनस्पती-उद्यान आहे, आणि जवळच गिरा धबधबा. पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत धबधबा भरलेला, रान हिरवे आणि रुळांवरचे ऊन कोवळे असते. तेव्हा सहलीचा काल तोच. इतर मंडळी येथून सापुताऱ्याच्या थंड हवेकडे धावतात. नंदुरबारकराने त्यांना जाऊ द्यावे, स्वतः आहव्याला मुक्काम करावा, आणि रविवारी सुबीरच्या रस्त्याने, पूर्णेच्या खोऱ्यातील जंगलातून, नवापूर गाठावे. नवापूरला मोठी गाडी पुन्हा मिळते, आणि वर्तुळ पुरे होते. या वाटेवरचे वाहन अगोदर ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

या सर्व सुखात एक उणीव आहे, आणि ती दडवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. वघईची गाडी जुन्या रुळांवर चालते, पण जुन्या इंजिनाने चालत नाही. वाफ तेथून केव्हाच गेली. वाफेच्या इंजिनामागे बसून शनिवार-रविवारची सहल करण्याची जी हौस, ती पुरवली गेली दिल्लीस. ‘फेअरी क्वीन’ नावाचे इंजिन 1855 मध्ये लीड्स येथील किटसन, थॉम्सन आणि हेविटसन यांच्या कारखान्यात बनले आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेत रुजू झाले. 1909 मध्ये ते निवृत्त झाले, बरीच वर्षे हावड्यास चौथऱ्यावर उभे राहिले, पुढे चांदौसीच्या रेल्वे-प्रशिक्षण शाळेत गेले, आणि दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 मध्ये उघडले तेव्हा तेथील मानाच्या जागी विराजमान झाले. चौथऱ्यावर चढलेले इंजिन खाली उतरत नसते, हा सार्वत्रिक अनुभव. पण हे उतरले. मद्रासच्या पेरांबूर कारखान्यात त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि 1997 मध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या विश्रांतीनंतर, ते दिल्ली छावणीहून अलवारकडे प्रवाशांना घेऊन निघाले. शनिवारी सकाळी निघावे, सरिस्क्याच्या अरण्यात रात्र काढावी, रविवारी परत यावे. डबा एकच, जागा साठ, आणि वेग ताशी 40 किलोमीटरांहून अधिक नाही, असा तो बेत होता. नियमितपणे चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून 1998 मध्ये गिनेसच्या ग्रंथात त्याची नोंद झाली.

अशा इंजिनाचा जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी नव्हे. इंजिनाचा आत्मा बॉयलरमध्ये, आणि बॉयलरचा शत्रू पाण्यात. पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे नळ्यांवर थर धरीत जातात, थरामुळे उष्णता पाण्यात शिरत नाही, आणि पाण्यात न शिरलेली उष्णता धातूला जाळते. म्हणून प्रथम सर्व नळ्या उपसून नव्या बसवाव्या लागतात. मग येते पाण्याच्या दाबाची परीक्षा: बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, कामाच्या दाबाहून अधिक दाब त्याला दिला जातो. येथे वाफ न वापरता पाणी वापरण्याचे कारण मोठे मार्मिक आहे. दाबलेली वाफ पत्रा फाटताच स्फोट करते, पण पाणी दाबाने फारसे आकुंचन पावत नसल्यामुळे पत्रा फाटलाच तर पाणी गळते, आणि परीक्षक घरी सुखरूप जातो. ही परीक्षा उतरल्यावर चाकांच्या धावा, दट्ट्यांची कडी, बेअरिंगांतला पांढरा धातू, ब्रेक, इंजेक्टर यांची पाळी. यांतील कोणताही भाग बाजारात तयार मिळत नाही; जुन्या नकाशावरून, आणि नकाशा नसल्यास झिजलेल्या नमुन्यावरून, तो ओतून-तासून घ्यावा लागतो.

आणि हे सर्व साधल्यावरही इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. सकाळच्या गाडीसाठी आग रात्रीच पेटवावी लागते, आणि तीही हलक्या हाताने, कारण बॉयलरचा जाड पत्रा आणि बारीक नळ्या सारख्या वेगाने तापत नाहीत. घाई केली तर सांधे ताणून गळू लागतात. अग्निपेटीच्या माथ्यावर पाण्याची पातळी सदैव असली पाहिजे. ती खाली गेली तर माथ्यातली शिशाची खिळी वितळते, वाफ आणि पाणी आगीवर सुटते, इंजिन वाचते, आणि फायरमनची अब्रू जाते. काचेच्या नळीतली पातळी, दाबाचा काटा, धुराचा रंग आणि चढावाची लांबी या चौघांवर एकाच वेळी नजर ठेवून कोळशाचे फावडे नेमक्या कोपऱ्यात टाकणे, ही विद्या पुस्तकातून येत नसे. भुसावळच्या लोकोशेडमध्ये बापाकडून मुलाकडे आणि ड्रायव्हरकडून फायरमनकडे ती चालत आली होती. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1950 मध्ये ‘देशबंधू’ हे पहिले वाफेचे इंजिन बाहेर पडले, मोठ्या मार्गासाठीचे शेवटचे इंजिन 1970 मध्ये ‘अंतिम सितारा’ या नावाने बाहेर पडले, आणि 1995 च्या डिसेंबरात जालंधर-फिरोजपूर मार्गावरून मोठ्या रुळांची वाफ कायमची उतरली. त्यानंतर भरती झालेल्या ड्रायव्हरला कोळशाचे फावडे उचलण्याचा प्रसंगच आला नाही. रेवाडीची 1893 सालची लोकोशेड वाफेच्या इंजिनांसाठी जतन करून ठेवली गेली, तिचे मोल मला फेअरी क्वीनपेक्षा अधिक वाटते. कारण इंजिन विकत आणता येईल, पण आग पेटविणारे हात विकत मिळत नाहीत.

युरोपात जुने मार्ग आणि जुनी इंजिने चालती ठेवण्याचे काम सरकारने नव्हे, हौशी लोकांनी अंगावर घेतले. वेल्समधील टॅलिलिन हा स्लेटच्या खाणीचा लहान मार्ग बंद पडण्याच्या बेतात असता, टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने समानधर्मी माणसे जमविली, आणि 1951 पासून त्यांनी तो मार्ग स्वखुशीच्या श्रमांवर चालवून दाखविला. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी अभियंता. शनिवारी येऊन रूळ दुरुस्त करावे, रविवारी तिकिटे फाडावी, आणि सोमवारी आपापल्या कामावर जावे. अशा जतन केलेल्या मार्गांत जगातला पहिला मान टॅलिलिनला दिला जातो, आणि त्याच्या मागून इंग्लंडात असे कितीतरी मार्ग उभे राहिले.

आपल्याकडे मात्र खानदेश-वऱ्हाडातच पाहावे, तर चित्र उलटे आहे. किलिक निक्सनच्याच छत्राखाली निघालेले आणखी दोन लहान मार्ग महाराष्ट्रात होते. एक विदर्भातील, मूर्तिजापुराहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना जाणारी ‘शकुंतला’. तिचे मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले झेडडी वर्गाचे इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत, म्हणजे जवळजवळ एका मनुष्याच्या आयुष्याइतका काळ, त्याच रुळांवर राबले. दुसरा जळगाव जिल्ह्यातील पाचोरा-जामनेर. पी. जे. या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ती 56 किलोमीटरांची गाडी शेंदुर्णी-पहूरच्या शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांना आणि बाजारकरूंना कित्येक दशके नेत-आणत होती. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच, आणि आता तेथे मोठे रूळ यावयाचे आहेत. मोठे रूळ येणे ही जामनेरकरांच्या दृष्टीने इष्टापत्तीच आहे, आणि त्यांच्या सोयीच्या आड कोणा हौशी मनुष्याने येऊ नये. परंतु दोनचार किलोमीटरांचा तुकडा, एक इंजिन आणि दोन डबे चालते ठेवण्याचा विचार मोठ्या रुळांच्या कामाबरोबरच झाला असता, तर खर्च काही डोंगराएवढा नव्हता. नागपूरच्या मोतीबाग येथे 2002 पासून लहान गाड्यांचे चांगले संग्रहालय आहे. पण संग्रहालयातले इंजिन आणि चालते इंजिन यांत नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग यांच्याइतके अंतर असते.

वघईची गाडी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. पश्चिम रेल्वेने 2018 मध्ये गुजरातेतील पाच लहान मार्ग, एकूण 204 किलोमीटर, वारसा म्हणून राखण्याचे ठरविले. डभोई-मियागाम आणि बिलिमोरे-वघई हे दोन्ही त्यांत होते. पुढे 2020 मध्ये गाड्या थांबल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तोट्यातल्या शाखा कायमच्या बंद करण्याची जी यादी रेल्वे खात्यातून निघाली, तिच्यात वघईचे नाव आले. वारसा म्हणून गौरव आणि तोटा म्हणून विसर्जन, ही दोन्ही फर्माने एकाच सरकारी दफ्तरातून अडीच वर्षांच्या अंतराने निघावीत, याचे आश्चर्य सरकारी कामाशी परिचय असलेल्याला वाटणार नाही. स्थानिक लोक आणि त्यांचे प्रतिनिधी जोराने उठले, हुकूम मागे पडला, आणि 2021 च्या सप्टेंबरात गाडी पुन्हा सुरू झाली.

तिला जोडलेल्या काचेच्या डब्याविषयी दर्दी लोकांत मतभेद आहेत. जुन्या गाडीला नवा साज चढविणे कित्येकांना रुचत नाही. माझे मत निराळे आहे. वाफेचे इंजिन आणा, म्हणून मागणी करण्यापूर्वी रूळ टिकले पाहिजेत, आणि पर्यटकांच्या भाड्याने जर ते टिकत असतील, तर काचेचा डबा मला मान्य आहे. मात्र एक अट. अनावलच्या बाजाराला भाजी नेणारी आणि उनाईच्या यात्रेला मुलेबाळे घेऊन जाणारी जी माणसे साध्या डब्यातून येतात-जातात, तीच या गाडीचे खरे उतारू आहेत, आणि त्यांना स्वस्त भाड्यात जागा उरली नाही, तर उरेल ती केवळ जत्रेतली खेळण्यातली गाडी. वारसा जपावयाचा तर उतारूंसह जपावा.

नंदुरबारहून जाणाऱ्या वाचकासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. गाडीच्या फेऱ्या थोड्या असून वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी बिलिमोरे स्थानकावर चौकशी करावी. उधन्याच्या गाडीबदलास पुरेसा वेळ ठेवावा, आणि शक्य तर शुक्रवारी रात्रीच निघावे. खाद्यपदार्थ बरोबर घ्यावे. मधल्या स्थानकांवर चहाची खात्री नाही. मित्रमंडळी मोठी असेल तर काचेच्या डब्याची जागा आधी राखून ठेवावी, नसेल तर साध्या डब्यातच बसावे, तेथे गप्पा चांगल्या होतात. आणि तिकीट न चुकता काढावे: 2020 ची ती यादी तयार होताना शाखांच्या नावांपुढे जो रकाना पाहिला गेला, तो उत्पन्नाचा होता.